भरली सफरचंदं, मंद आचेवर



दिवाळी झाली, फराळाचे डबे तळाला गेले, आणि आपल्या वडोदऱ्यात सकाळी गच्चीवर जरा गार वाटायला लागलं. या दिवसांत मंडईत सफरचंदांचे ढीग असतात आणि घरी फळांच्या टोपलीत दोन-चार सफरचंदं सुरकुतत पडलेली असतात. कापून ठेवली तर काळी पडतात, मुलं डब्यात नेत नाहीत, मोठ्यांचे दात पुरत नाहीत. या महिन्यात त्याच सफरचंदांचं एक गोड सांगणार आहे. आणि ते करायचं आहे स्लो कुकरमध्ये.

स्लो कुकर म्हटल्यावर काही जणांची नजर माळ्याकडे गेली असेल. लग्नात किंवा वास्तुशांतीला आलेल्या भेटींपैकी ही वस्तू सहसा खोक्यातून बाहेरच येत नाही. आमच्याकडचा माझ्या सुनेनं आणला. ती गुजराती, नोकरी करणारी, सकाळी आठला घराबाहेर. कुकर ओट्यावर ठेवून म्हणाली, "मम्मी, यात सकाळी घालायचं आणि संध्याकाळी काढायचं, बस." मुलानं लगेच टोमणा मारला, "म्हणजे स्वयंपाक कुणी केला, तू की त्यानं?" तो प्रश्न मला मुळीच पटला नाही. काय घालायचं, किती घालायचं, कधी बंद करायचं हे ज्याला कळतं त्यानं स्वयंपाक केला. ओट्यापाशी तासभर उभं राहून पाय दुखवून घेण्याला स्वयंपाक म्हणतात हे कुणी ठरवलं?

शिवाय ही कल्पना आपल्याला अजिबात नवी नाही. तुमच्या पणजीच्या चुलीला शेजारी एक वैल असायचा. मुख्य चुलीवर भाकरी, आणि त्या जाळाची उरलेली धग वैलाकडे. त्यावर डाळ नाहीतर दूध तासन्‌तास नुसतं हसत राहायचं, उकळायचं नाही. आणि आपण तर उंधियुंच्या मुलखात राहतो. मडक्यात भाज्या भरून, मडकं उलटं जमिनीत पुरून, वर जाळ करून शिजवायचं. 'ऊंधुं' म्हणजे उलटं, म्हणून उंधियुं. उत्तरायणाला आता आपण ते पातेल्यात करतो किंवा दुकानातून किलोवर आणतो, पण मुळात तो मंद आचेचाच पदार्थ.

विजेच्या कुकरची गोष्टही अशीच घरगुती आहे. शिकागोत आयर्विंग नॅक्सन नावाचे एक संशोधक होते. त्यांची आई लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबातली. ज्यूंच्या शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तिकडच्या बायका मांस, शेंगदाण्यासारखे मोठे घेवडे आणि बटाटे घातलेलं मडकं गावातल्या भटारखान्यात नेऊन ठेवत. भट्टी विझवलेली असे, पण तिची ऊब रात्रभर पुरे. दुसऱ्या दिवशी 'चोलेंत' तयार. आईनं सांगितलेली ही आठवण धरून नॅक्सन यांनी विजेचं भांडं बनवलं आणि १९४० साली त्याचं पेटंट मिळवलं. १९७० मध्ये त्यांची कंपनी दुसऱ्या एका कंपनीनं घेतली आणि १९७१ मध्ये तेच भांडं 'क्रॉक-पॉट' या नावानं बाजारात आलं. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या बायकांनी ते डोक्यावर घेतलं. (शनिवार पाळणारे आपल्याकडेही आहेतच. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्राएली लोकांना 'शनवार तेली' म्हणायचे ते याच शब्बाथमुळे. तेही मराठीच बोलतात.)

आता भांड्याबद्दल थोडं, कारण ते समजलं की पाककृती पाठ करावी लागत नाही. आत चिनीमातीचं जाड भांडं, बाहेर गरम होणारं आवरण, वर काचेचं झाकण. 'लो' आणि 'हाय' अशी दोन बटणं. बऱ्याच जणांना वाटतं की 'लो'वर पदार्थ कमी गरम होतो. तसं नाही. दोन्हीकडे पदार्थ शेवटी उकळीच्या जरा खालीच पोचतो, 'लो'वर पोचायला वेळ जास्त लागतो एवढंच. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत चढतं, म्हणून दोन शिट्ट्यांत सफरचंदाचा लगदा होतो. इथे फळ मऊ होतं पण आकार सोडत नाही. फळाच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सावकाश विरघळतं आणि त्यानंच खालचा रस थोडा दाट, चकचकीत होतो.

सफरचंदच का, तर त्याला कारण आमचे नाना. नाना म्हणजे माझे सासरे, वय ८४. एके काळी खंडेराव मार्केटमधून जामफळं आणून, तिखटमीठ लावून, न कापता तशीच खाणारा माणूस. (जामफळ म्हणजे पेरू. पुण्याच्या पाहुण्यांसाठी सांगते, आपल्या मुलांना सांगायला नको.) दोन वर्षांपूर्वी कवळी बसवली आणि फळ सुटलं. कवळीखाली बी गेलं की कळ येते, सफरचंदाचा तुकडा तुटत नाही, आणि चावताना आवाज होतो तो त्यांना आवडत नाही. मी सफरचंद किसून द्यायला लागले. दोन दिवस त्यांनी खाल्लं, तिसऱ्या दिवशी वाटी सरकवली. म्हणाले, "हे बाळाचं खाणं मला नको." मग हळूहळू ताटही खोलीत मागवायला लागले. "तुमचं होऊ द्या, मला वेळ लागतो." आम्ही चार वेळा म्हटलं, बसा आमच्यात, कुणाला घाई नाही. पण ज्या घरात सून पंधरा मिनिटांत जेवून लॅपटॉप उघडते तिथे 'घाई नाही' यावर कोण विश्वास ठेवेल?

तेव्हा मला हवा होता एक असा पदार्थ, जो त्यांच्यासाठी वेगळा केलेला नसेल. सगळ्यांच्या ताटात तोच, तसाच, अख्खा. पण चमच्यानं तुटणारा.

भरली वांगी करतो तशीच भरली सफरचंदं करायची. परदेशात ओव्हनमध्ये भाजलेलं सफरचंद घरोघरी करतात, ते स्लो कुकरमध्येही होतं. त्यात दालचिनी आणि ब्राऊन शुगर असते. सारण मात्र आपल्या घरातलं घालू.

साडेतीन लिटरच्या कुकरमध्ये मध्यम आकाराची ४ सफरचंदं उभी बसतात. एकमेकांना टेकून बसलेली बरी, आडवी होत नाहीत. सफरचंद कडक हवं. हातात घेऊन दाबा, अंगठा आत जात असेल तर ते मिल्कशेकला ठेवा. रॉयल डिलिशस चवीला गोड पण शिजताना लवकर भुसभुशीत होतं. गोल्डन, म्हणजे पिवळं, त्यापेक्षा बरं टिकतं. किन्नौरची उशिरा येणारी सफरचंदं मिळाली तर सोडू नका. परदेशी हिरवं आंबट सफरचंद आकार सगळ्यांत छान धरतं, पण महाग असतं आणि गूळही जास्त मागतं. आमचा फळवाला मला पाहिलं की स्वतःच सांगतो, "बेन, आ कडक छे, चार दिवस पछी खाजो." मी म्हणते, "कडकच आप." त्याला अजून उलगडा झालेला नाही.

सारणाला ८ बिया काढलेले खजूर बारीक चिरून, २ मोठे चमचे अक्रोड, २ मोठे चमचे किसलेला गूळ, १ मोठा चमचा भाजलेलं सुकं खोबरं, अर्धा छोटा चमचा वेलचीपूड, किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ आणि मिठाची एक चिमूट. मीठ विसरू नका, गुळाची चव त्यानं उठते. घरात कवळीवालं कुणी असेल तर अक्रोड आणि खोबरं मिक्सरमधून अगदी बारीक करा आणि खजूर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून कुस्करून घ्या. अक्रोडाचा एक बारीक तुकडा कवळीखाली गेला तर सगळी मेहनत वाया.

आणि दिवाळीनंतर हा पदार्थ सांगण्याचं खरं कारण आता सांगते. करंजीचं सारण प्रत्येक घरी उरतंच. पारी संपते, सारण वाटीभर राहतं, आणि मग ते फ्रिजमध्ये संक्रांतीपर्यंत कुणाच्या तरी डोळ्यांत खुपत राहतं. ते इथे घाला. त्यात साखर असतेच, गूळ वगळा, फक्त दोन खजूर कुस्करून घाला म्हणजे ते ओलसर होऊन बसतं. डिंकाचा मोडका लाडू चुरून घातला तरी उत्तम.

सफरचंदं कोमट पाण्यात चोळून धुवा, विशेषतः मेण लावलेली चकचकीत असतील तर. देठाकडून लहान सुरीनं गोल कापत मधला बियांचा भाग काढा आणि मग छोट्या चमच्यानं कोरा. तळाला भोक पडू द्यायचं नाही, बोटाच्या जाडीएवढा गर राहू द्या, नाहीतर सारणाचं तूप खालून निघून जातं. वरच्या कडेची साल बोटभर रुंद अशी गोल सोलून काढा. ही पायरी शोभेची नाही. आत वाफ धरते आणि साल सगळीकडून घट्ट असेल तर फळ कुठूनही उलतं. वाफेला वाट करून दिली की ते अख्खं राहतं. कापलेल्या भागाला लिंबू चोळा, म्हणजे काळं पडत नाही.

आता सारण दाबून भरा, थोडं वर आलं तरी चालेल. प्रत्येकावर छोटा चमचाभर तूप. कुकरच्या भांड्याला आतून तुपाचा हात लावा, सफरचंदं उभी ठेवा आणि तळाला अर्धी वाटी पाणी घाला. संत्र्याचा रस असेल तर पाण्याऐवजी तो घाला, फरक कळतो. दोन लवंगा टाका. झाकण लावा. 'लो'वर तीन ते साडेतीन तास, फार कडक फळ असेल तर चार. 'हाय'वर दीड ते दोन तासांत होतं, पण तिथे लक्ष ठेवावं लागतं, मग स्लो कुकरचा उपयोग काय?

पाणी कमी वाटेल. वाढवू नका. उघड्या पातेल्यात वाफ उडून जाते, इथे ती झाकणाला लागून परत खाली येते, आणि सफरचंद स्वतःचा रस सोडतं तो वेगळा. आणि झाकण सारखं उघडायचं नाही. दर वेळी उघडलं की कोंडलेली ऊब निघून जाते आणि पुन्हा तिथवर यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आमच्याकडे सगळ्यांत अवघड पायरी हीच. वेलची आणि तुपाचा वास दुसऱ्या तासाला दिवाणखान्यात पोचतो आणि जो तो "फक्त बघतो" म्हणत येतो. काचेचं झाकण त्यासाठीच आहे, बाहेरून बघा.

सुरी सहज आत गेली की बंद करा. फळं अलगद झाऱ्यानं काढा, लगेच हाताळलीत तर फाटतील, पाच-सात मिनिटं बसू द्या. खाली जो रस राहिलाय तो छोट्या कढईत काढून मोठ्या आचेवर पाच मिनिटं आटवा. चमच्याच्या पाठीला चिकटला की झाला. तो वरून सोडा.

सोबत काय? साय उत्तम. पाणी काढलेला चक्का थोडी पिठीसाखर घालून फेटला की त्याहून उत्तम, कारण गोडावर थोडं आंबट हवंच. गार बासुंदी घालणार असाल तर सफरचंद कोमट होऊ द्या. आणि दूध किंवा बासुंदी कुकरमध्ये फळांबरोबर शिजायला कधीही घालू नका. फळाच्या आंबटपणानं आणि तीन तासांच्या उष्णतेनं ते फुटतं. फळाची खीर करायची असली तरी दूध वेगळं आटवायचं आणि शेवटी, दोन्ही गार झाल्यावर एकत्र करायचं.

पहिल्यांदा केली त्या शनिवारी मी नानांना आधी काही सांगितलं नाही. जेवणं उरकली आणि टेबलावर चार बशा मांडल्या. चार सफरचंदं, पाच माणसं, त्यामुळे मुलगा आणि सून एका बशीत. नानांना हाक मारली, "नाना, गोड खायला या." ते आले, उभ्यानंच बघितलं. "वांगं केलंयस?" मग बसले. चमचा लावला तर सफरचंद तुटलं. सगळे तोच पदार्थ तेवढ्याच सावकाश खात होते, कारण ते आतून गरमच इतकं असतं की घाईनं खाताच येत नाही. सुनेचा लॅपटॉप बंद होता. नानांनी साल तेवढी बशीच्या कडेला लावून ठेवली आणि म्हणाले, "वांगं गोड निघालं." मग वडोदऱ्यातल्या जुन्या भट्ट्या, दांडिया बाजारातलं त्यांचं पहिलं बिऱ्हाड, तिथली शेगडी, असं पाऊण तास चाललं. सुनेनं बरंच पहिल्यांदाच ऐकलं. ते आता रोज टेबलावर जेवतात असं मात्र नाही. आठवड्याला खोलीतच ताट जातं. शनिवारी येतात आणि येताना विचारतात, "आज त्या मडक्यात काय आहे?"

मधुमेह असेल तर दोन शब्द. गूळ घातला म्हणजे साखर नाही, हा आपला लाडका गैरसमज आहे. गूळ आणि खजूर हीसुद्धा साखरच. त्यांच्यासाठी गूळ वगळून अक्रोड, खोबरं आणि दोनच खजूर कुस्करून भरा, अर्धं फळ वाढा आणि तेही डॉक्टरांनी घालून दिलेल्या हिशोबात. फळ मुळातच गोड आहे, शिजल्यावर आणखी गोड लागतं, वाण काही पडत नाही.

चतुर्थीला चालतं का, असं वाचक विचारणारच. सफरचंद, खजूर, गूळ, तूप, अक्रोड, खोबरं, यात न चालण्यासारखं काही नाही. लवंग-जायफळाचं आपापल्या घरातल्या मोठ्यांना विचारा, या बाबतीत दोन घरांचं एकमत मी अजून पाहिलेलं नाही.

हीच युक्ती इतर फळांना लावता येते. नासपती कडक असताना सोलून, अर्धी करून, थोडा गूळ आणि आल्याचा एक तुकडा घालून 'लो'वर दोन-अडीच तास. जामफळाच्या मधल्या बिया काढून टाकून फोडी करा, लिंबाचा रस आणि साखर घाला, दोन तासांत गुलाबी, जाडसर मोरांबाच होतो. गोव्याच्या मैत्रिणींना राजेळी केळी मिळत असतील, ती जाड कापून तूप-गूळ आणि नारळाचं घट्ट दूध शेवटच्या अर्ध्या तासात घालून करा. आपली साधी केळी मात्र घालू नका, तासाभरात चिखल. आणि आंबा? वडोदऱ्यात राहून आंबा शिजवणाऱ्याला मी काही सांगू शकत नाही.

कुकर नसेल तर अडून बसू नका. जाड बुडाच्या पातेल्यात हेच सगळं मांडा, अर्धीऐवजी पाऊण वाटी पाणी घाला, घट्ट झाकण ठेवा, खाली लोखंडी तवा आणि गॅस अगदी बारीक. चाळीस-पन्नास मिनिटांत होतं. मध्ये एकदा पाणी बघा. कुकरचा फायदा इतकाच की तुम्ही तोवर पोरांचा अभ्यास घ्या, मंडईत जाऊन या नाहीतर झोपा. विजेचं म्हणाल तर लहान कुकर साधारण २०० वॅटचा असतो, तीन तासांना जेमतेम अर्धा-पाऊण युनिट.

तीन गोष्टी सांभाळा. चिनीमातीचं गरम भांडं लगेच नळाखाली धरू नका आणि फ्रिजमधलं गार भांडं लगेच चालू कुकरमध्ये ठेवू नका, तडा जातो. भांडं निम्मं ते दोन-तृतीयांश भरलेलं असावं. आणि फळांवरून धीर येऊन उद्या कुणी राजमा घालेल, म्हणून आधीच सांगते. कच्चा भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीही नाही. त्यात एक विषारी द्रव्य असतं, ते नष्ट व्हायला खरी उकळी लागते. रात्रभर भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटं खळाखळा उकळा आणि मग कुकरमध्ये.

उरलेलं सफरचंद फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहतं. सकाळी ते काट्यानं कुस्करा, तळाचा आटवलेला पाक त्यात मिसळा आणि गरम भाखरीवर तुपाबरोबर लावा. आमच्याकडे मुलगा त्यासाठी मुद्दाम एक जास्तीचं सफरचंद शिजवायला सांगतो. ते कुकरमध्ये मावत नाही, म्हणून आता मोठा कुकर घ्यायचा की सुनेनं स्वतःचं अर्धं सोडायचं, यावर चर्चा चालू आहे.